सॉफ्टवेअरची हजेरी घेणारे मुकादम

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला, दुपारच्या चहाला, राहनाळच्या आमच्या गोडाऊनमध्ये सॉफ्टवेअरची हजेरी व्हायची. हसू नका. मी स्वतः चार वर्षं त्या हजेरीला उभी राहिले आहे, आणि शाळेच्या तोंडी परीक्षेला पडले नसतील एवढे माझे हातपाय तिथे गार पडले आहेत.

हजेरी घ्यायचे आमचे मुकादम. हुद्द्याने ते अकाउंटंट होते आणि तशी पाटीही त्यांच्या टेबलावर होती, पण त्यांना त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. उमेदीची वीस वर्षं त्यांनी शेठच्या पॉवरलूमच्या कारखान्यात हजेरी मुकादम म्हणून काढली होती. पुढे लूम भंगारात गेले, शेठनी राहनाळला गोडाऊन टाकलं, आणि भंगारवाल्याने घेतलं नाही एवढं एकच सामान उरलं म्हणून आपल्याला इकडे आणलं, असं मुकादम स्वतःच सांगत.

पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चष्म्याला दोरी म्हणून लूमचंच सूत वळून लावलेलं. ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या तेव्हा त्यांनी आपल्या खुर्चीची चाकं मिस्त्रीकडून काढून घेतली. "पलनारी खुर्ची आपल्याला नको. मानसानं जागेवर सापडाया पायजे," म्हणाले. मला सकाळी 'जय भीम', शेठना 'जय श्रीकृष्ण', गेटवरच्या इरफानभाईंना 'सलाम' आणि बिहारच्या लोडरांना 'प्रणाम' अशी त्यांची प्रत्येकासाठी वेगळी सलामी होती आणि ती कधीही चुकत नसे. एकदा मीच गंमत म्हणून त्यांना 'प्रणाम' केला, तर म्हणाले, "पोरी, रांग मोडू नको."

आता सॉफ्टवेअरच्या हजेरीची भानगड सांगते. धंद्याला लागणारी सॉफ्टवेअर हल्ली कोणी एकदाच विकत घेत नाही. त्यांचं महिन्याचं भाडं असतं आणि ते कार्डातून आपोआप कापलं जातं. आमच्याकडे शेठचं एकच क्रेडिट कार्ड सगळीकडे घातलेलं होतं. एकदा मुकादमांनी त्या कार्डाचं स्टेटमेंट ओळीओळीने वाचलं, तेव्हा दिवाळीची शुभेच्छापत्रं बनवायला घेतलेलं एक सॉफ्टवेअर तीन वर्षं गुपचूप पैसे नेत असल्याचं निघालं. ज्या माणसाने ते घेतलं तो केव्हाच नोकरी सोडून नाशिकला गेला होता.

मुकादम त्या दिवशी एवढे भडकले की जेवले नाहीत. रक्कम फार नव्हती, शेठनीही ती हसण्यावारी नेली. पण मुकादमांचं दुखणं वेगळं होतं. लूमच्या काळात गावी गेलेल्या कामगारांची नावं मस्टरवर तशीच ठेवून भलताच कोणीतरी त्यांचा पगार उचलायचा. असले प्रकार करणाऱ्या जुन्या मुकादमाला हाकलूनच शेठनी यांना घेतलं होतं. ते स्टेटमेंट हातात धरून ते सगळ्या ऑफिसभर फिरले आणि प्रत्येकाला विचारत सुटले, "नाव हाय, पगार हाय. ह्यो कामगार कोनी बगितलाय का?"

मग बँकेतल्या एका पोरीने त्यांना व्हर्च्युअल कार्डाची युक्ती सांगितली. बँकेच्या ॲपवर बसल्या जागी काढायचं, हातात न येणारं कार्ड. नुसता सोळा आकडी नंबर. हवी तेवढी काढा, प्रत्येकावर खर्चाची मर्यादा घाला, मुदत घाला, नको झालं की बोट लावून बंद करा. "हातात येत न्हाय ते कार्ड कसलं?" म्हणून मुकादम दोन दिवस फुरंगटून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका बैठकीत सतरा कार्डं काढली. एका सॉफ्टवेअरला एक कार्ड, आणि प्रत्येक कार्डाला ते सॉफ्टवेअर मागणाऱ्या माणसाचं नाव. आम्ही ऑफिसात सहा माणसं, आणि सतरा कार्डं आमच्यात वाटलेली. मुदत मात्र प्रत्येकाची पंचवीस तारखेपर्यंतच. त्या दिवशी हजेरी झाली की मुकादम फोनवर अंगठा टेकवून पुढच्या पंचवीसपर्यंत मुदत वाढवत. फोर्टच्या कुठल्याशा दुकानातून त्यांनी खास जुन्या पद्धतीचं लांब मस्टर आणलं होतं.

सॉफ्टवेअरची इंग्रजी नावं त्यांना आवडत नसत. त्यांनी स्वतः बारशी केली होती. मीटिंगचं ते 'चेहरेवाला', मेलचं ते 'पत्रवाला', आणि कुठल्या रॅकमध्ये कुठला खोका आहे हे ज्याला माहीत, त्याचं नाव 'गोडाऊनवाला'. नाव पुकारलं की ज्याचं कार्ड त्याने उभं राहायचं, 'हजर' म्हणायचं आणि या गड्याने महिन्याभरात काय काम केलं ते सांगायचं. सांगता आलं तर निळ्या पेनाचं टिंब, नाही आलं तर लाल पेनाने खाडा. लागोपाठ दोन खाडे पडले की कार्ड बंद. अपील नाही.

माझ्या पहिल्याच हजेरीला मी आपटले. कामांची यादी ठेवणारं एक सॉफ्टवेअर मी हट्ट करून मागून घेतलं होतं आणि महिन्याभरात एकदाही उघडलं नव्हतं. 'यादीवाला' पुकारला गेला आणि मी ठोकून दिलं, "खूप उपयोग झाला." मुकादमांनी चष्म्यावरून पाहिलं आणि निळं टिंब दिलं. चहा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, खाडा झाला तर खाडा म्हनायचं. खाड्याला कोन मारत न्हाय. पन मस्टरवर खोटी सही केलीस तर मंग मी तुजा मुकादम न्हाय." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की मी ते उघडलंच नाही. त्यांनी निळं टिंब खोडलं, शेजारी लाल खाडा मांडला आणि डब्यातला रव्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. या माणसावर माझा जीव बसला तो त्या लाडवापासून.

शेठनाही सूट नव्हती. शेअर बाजाराचे इशारे देणारं काहीतरी त्यांनी कंपनीच्या खर्चात घातलं होतं. ते पुकारलं गेलं तेव्हा शेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "अरे मुकादम, वो तो मेरा पर्सनल है."

"उभं ऱ्हा, शेठ."

शेठ उभे राहिले. दीड एकराच्या गोडाऊनचा मालक, हातात चहाचा कप घेऊन.

"गोडाऊनचं काय काम केलं यानं?"

"कुछ नहीं किया."

"मंग ह्यो तुमच्या घरचा गडी. घरी नेवा."

शेठ एवढे हसले की चहा सांडला, पण त्या संध्याकाळी कार्ड बंद झालं ते झालंच.

गोडाऊनवाल्या कंपनीशी त्यांचं जे वाजलं ते पुढे महागात पडलं, म्हणून सांगायला हवं. त्या कंपनीने एकदा न कळवता भाडं वाढवलं. कार्डावर मर्यादा होती, त्यामुळे पैसे कापले गेले नाहीत, आणि तिकडून एका बाईंचा गोड आवाजात फोन आला. मुकादम त्यांना म्हणाले, "मॅडम, जितना ठहरा उतनाच मिलेगा. बढाना है तो पहले पूछने का." बाईंनी आधी समजावलं, मग नियम सांगितला, मग साहेबांना फोन दिला. साहेबांनाही हेच ऐकवण्यात आलं. शेवटी जुनाच दर राहिला, पण त्या कंपनीने आमच्यावर कायमचा राग धरला. इतरांना पैसे द्यायला चार दिवस उशीर झाला तर चालायचा. आम्हाला तासाचीही सवलत उरली नाही. दर सव्वीस तारखेला सकाळी नऊला पैसे मिळाले नाहीत तर गोडाऊनवाला बंद.

या सगळ्या कडकपणात एकच माणूस मुकादमांना हसत असे, ती त्यांची लेक. एकुलती एक, दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून जाता-येता कधी गोडाऊनवर यायची, त्यांची गोळी त्यांच्या हातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत उभी राहायची. ते तिला बाय म्हणायचे. तिचं सगळं बोलणं थट्टेचं असायचं, पण त्या थट्टेत एक दुखरी जागा होती आणि ती आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. दहावीच्या निकालाच्या दिवशी ते लूमच्या पगारवाटपात होते. नर्सिंगच्या पदवीदानाला सॉफ्टवेअरच्या भांडणात होते. आणि साखरपुड्याला तर मी स्वतः हजर होते. नवरामुलगा अंगठी घालत होता आणि मुकादम मांडवाच्या खांबाशी पाठमोरे उभे राहून कोणालातरी मोठ्याने ओटीपी सांगत होते. तिने वळून पाहिलं, अंगठी घातली गेली, आणि त्यांनी वळून पाहिलं तेव्हा टाळ्या संपल्या होत्या.

लग्नाच्या आठ दिवस आधी ती पत्रिका द्यायला ऑफिसात आली. आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पप्पा, मला दागिना नको, गाडी नको. हळद आनि लगीन, दोन दिवस तुजा फोन माज्याकडं. मी सासरी जाईपरयंत मागायचा न्हाय. देतोस शब्द?"

मुकादमांनी खिशातला फोन एकदा बाहेर काढून पाहिला. मग म्हणाले, "दिला."

हळद पंचवीस तारखेला होती.

आता इथे माझी चूक सांगते, कारण ती इतकी वर्षं एका माणसाशिवाय कोणाला सांगितलेली नाही. सगळे म्हणतात मुकादम विसरले. मुकादम तारखा डोक्यात ठेवत नसत, पंचवीस तारखेचा गजर त्यांच्या फोनमध्ये होता आणि फोन चोवीसच्या रात्रीपासून लेकीच्या कपाटात, शालूच्या घडीखाली. तो तिथे वाजला असेल तर बँजोच्या आवाजात देवालाही ऐकू गेला नसेल. वज्रेश्वरीच्या वाटेवरचं त्यांचं गाव, अंगणभर मांडव, आत बायका धवले गात होत्या आणि सगळं ऑफिस पिवळं होऊन नाचत होतं. मुकादम स्वतः डोक्यावर कळशी घेऊन नाचले. त्यांना नाचताना पाहून मला आठवलं की आज हजेरी आहे. अगदी स्पष्ट आठवलं. आणि मी गप्प बसले. एक तर एवढा आनंदात असलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. दुसरं म्हणजे त्या महिन्यात माझ्या एका कार्डाचा लागोपाठ दुसरा खाडा पडणार होता.

सव्वीसला सकाळी मी आणि इरफानभाई ड्युटीवर होतो. सात गाड्या भरायच्या आणि मग लग्नाला जायचं असा बेत होता. एका मोठ्या पार्टीचा माल होता. मागच्या वेळी गाड्या उशिरा सुटल्या म्हणून त्यांनी शेठना बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरं गोडाऊन बघू. मानकोलीच्या नाक्यावर दुपारनंतर गाड्या अडकून पडत, म्हणून तो दुपारच्या आत ओलांडायलाच हवा होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी इरफानभाई स्कॅनर हातात घेऊन आले.

"मॅडम, ये कुछ पढताच नहीं."

मला कळलं. दोन गाड्या भरलेल्या, पाच रिकाम्या, आणि कुठला खोका कुठल्या रॅकमध्ये हे सांगणारा गोडाऊनवाला दार लावून बसलेला. मी माझं स्वतःचं कार्ड घालून पाहिलं. कार्ड बदलायचा ओटीपी मुकादमांच्या फोनवर. कंपनीला फोन केला, तीच गोड आवाजाची बाई, तासभरही थांबायला तयार नाही. मग इरफानभाईंच्या मागे स्कूटरवर बसले आणि वाडा रोडच्या खड्ड्यांतून आम्ही लग्नघर गाठलं.

मुकादम फेटा बांधून दारात पाहुण्यांना गंध लावत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा गंधाचा हात हवेतच थांबला. शेठ शेजारीच होते, त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मुकादम, दो मिनट का काम है. फोन मंगाओ."

"न्हाय, शेठ."

"सात गाडी खडी है."

"शब्द दिलाय पोरीला," मुकादम म्हणाले. "आजपरयंत एक पाळला न्हाय. आज न्हाय मोडनार. पगार कापा, नोकरी घेवा." आणि त्यांनी पुढच्या पाहुण्याला गंध लावलं. गंध पाहुण्याच्या भुवईवर गेलं.

मीच आत गेले. नवरीच्या खोलीत मुंडावळ्या बांधणं चाललं होतं. मी तिला खरं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. मग तिने विचारलं, "पप्पा काय बोलला?"

मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने कपाळावरच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. मग उठून कपाट उघडलं, शालूच्या घडीखालून फोन काढला आणि म्हणाली, "सगल्यांना बोलव. हजेरी घेतल्याबिगर कार्ड चालू करायचं न्हाय, असं तोच सांगतो ना?"

आम्ही सहा जण त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. मुकादम उंबऱ्यापाशी. बाहेर भटजी घाई करत होते. मुंडावळ्या बांधलेली नवरी पाटावर बसून फोनमधली नावं पुकारत होती आणि आम्ही 'हजर' म्हणत काम सांगत होतो. शेठनीही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "खाडा." तिने मान डोलावली. सगळी नावं झाली. मुकादमांनी अंगठा टेकवायला हात पुढे केला, पण तिने फोन मागे घेतला.

"एक ऱ्हायलंय," ती म्हणाली. "मुकादम."

कोणी हसलं नाही. तिचा आवाजच तसा होता.

"दहावीचा निकाल?"

मुकादमांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"पदवी?"

"खाडा," ते हळूच म्हणाले.

"साखरपुडा?"

"त्योबी खाडा."

"लागोपाठ दोन झाले की कार्ड बंद. तुजाच नियम. काय करू?"

मुकादमांच्या चष्म्यामागे पाणी दाटलं होतं. आयुष्यभर ज्यांनी कोणाचं अपील ऐकलं नाही ते लेकीपुढे फेट्यासकट वाकून म्हणाले, "बाय, खाडे मांड. जितके हायत तितके मांड. पन बंद नको करू."

तिने त्यांचा हात ओढून घेतला, अंगठा धरून स्वतःच फोनवर टेकवला, आणि मग त्या हातावर तोंड ठेवून रडली. काजळ सगळ्या मनगटाला लागलं. मुंडावळ्या बांधणारी बाई ओरडत होती, शेठ रुमाल शोधत होते, मी तर हुंदके देत होते. इरफानभाईंचा फोन वाजला. गोडाऊनवाला चालू झाला होता. पुढचा महिनाभर आता कार्डांना कोणाच्या अंगठ्याची गरज नव्हती. मला आणि इरफानभाईंना अक्षता मिळाल्या नाहीत, पण साडेअकरापर्यंत सातही गाड्या मानकोलीकडे निघाल्या.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी त्या गडबडीत फोन तिच्याच बॅगेतून सासरी गेला. शेठनी माणूस पाठवून आणवतो म्हटलं, तर मुकादम नको म्हणाले. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरीला माहेरी परत आणायला भावाने जायचं असतं. तिला भाऊ नव्हता. "चुलतभावाला कशाला त्रास? मलाबी फोन आनायचाच हाय," असं सांगून मुकादम स्वतः एसटीने निघाले.

चौथ्या दिवशी ते ऑफिसात आले. चेहरा टवटवीत, मनगटावर हळदीचा पिवळा रंग अजून होता. मी विचारलं, "आली का बाय?"

"आली. आठ दिस ऱ्हानार हाय. रातभर गप्पा मारत बसलो."

"आणि फोन?"

मुकादमांनी आधी डावा खिसा चाचपला, मग उजवा. मग आपल्या बिनचाकाच्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.

"ऱ्हायला की तिथंच," म्हणाले. "तिला पोचवायला जाईन तवा आनीन." आणि कोरा कागद पुढे ओढून त्यांनी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.